रुपयात किती आणे? ॲक्युपंक्चरच्या प्रोजेक्टचं आणि डायरीचं एक वर्ष

१५ डिसेंबरच्या रविवारी पुण्यात तोंडी परीक्षा झाली आणि दीड वर्षाचा ॲक्युपंक्चरचा डिप्लोमा एकदाचा संपला. परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत मी नुसती खिडकीबाहेर बघत बसले होते. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्यामागून आलेल्या तुकडीतल्या तिघींचे फोन आले. तिघींचा प्रश्न एकच: सुया लावायला जमेल हो, पण ते प्रोजेक्ट आणि ती रिफ्लेक्टिव्ह डायरी म्हणजे नक्की करायचं काय? वर्षापूर्वी मलाही हेच कळत नव्हतं आणि विचारायला कोणी नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं, तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे. पेशंटची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, गावंही बदलली आहेत.

मी सांगलीत विश्रामबागला चौदा वर्षं फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते. येणारी माणसं म्हणजे मार्केट यार्डातले हमाल, हळद निवडायला बसणाऱ्या बायका, तासगावकडच्या द्राक्षबागांत छाटणी-विरळणी करणाऱ्या मावश्या. गुडघा, कंबर, मनगट. व्यायाम सांगितला की मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत उभ्या. निदान व्यायाम करता येईल इतकी तरी कळ कमी व्हावी, एवढ्यासाठी मी या सुयांकडे वळले. जुलै २०२३ मध्ये प्रवेश घेतला. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आहे आणि नोंदणीशिवाय स्वतंत्रपणे उपचार करायचे नसतात. फी भरण्याआधी संस्थेला परिषदेची मान्यता आहे का आणि आपली मूळ पदवी अटीत बसते का, हे परिषदेकडूनच विचारून घ्या. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

घरी सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले, "म्हणजे कोटणीसांची विद्या." आपल्याकडे बऱ्याच जणांचा हा समज आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ते गेले होते सर्जन म्हणून. सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी, १९५९ मध्ये, कोलकात्याला. सासऱ्यांना हे सांगितल्यावर ते थोडे हिरमुसले, पण दुसऱ्या दिवशी फिरायला गेल्यावर मित्रांना बसूंची गोष्ट सांगून आले.

महिन्यातून दोन रविवार पुण्यात वर्ग असायचा. शनिवारी रात्रीची गाडी, बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास परवडला. पहिले सहा महिने पाठांतरात गेले: चौदा मेरिडियन, म्हणजे अंगातून ऊर्जा वाहते असं मानलेल्या वाटा, आणि त्यांवरचे ३६१ बिंदू. बिंदू शोधायचं माप 'त्सुन' हे पेशंटच्या स्वतःच्या अंगठ्याच्या रुंदीचं असतं. आपल्या आयुर्वेदातल्या स्वांगुळाची, म्हणजे स्वतःच्याच बोटाच्या मापाची, आठवण व्हावी असंच. माझी चार बोटं म्हणजे तुमचे तीन त्सुन नव्हेत, हे हाताला पटायलाच दोन महिने लागले.

१४ जानेवारी २०२४ला, भोगीच्या दिवशी, वर्गात प्रोजेक्टची घोषणा झाली. प्रत्येकाने एका विकारावर निदान दहा पेशंटची केस सिरीज करायची, म्हणजे त्यांच्या उपचारांच्या नोंदी एकत्र मांडायच्या, आणि सोबत किमान तीस नोंदींची रिफ्लेक्टिव्ह डायरी जोडायची. केस सिरीज म्हणजे काय ते कळलं. डायरीबद्दल एक छापील कागद मिळाला. त्यावर ग्रॅहॅम गिब्ज यांचं १९८८ मधलं सहा पायऱ्यांचं चक्र होतं: काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट झालं, का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. आणि डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडलेला फरक: काम करता करता होणारा विचार वेगळा आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार वेगळा. वाचून मला वाटलं, हे शिक्षकांसाठी असेल, नर्सेससाठी असेल. आपल्या हातात सुई आहे, आपल्याला याचं काय? तेव्हा असंच वाटलं होतं, ते लपवत नाही.

मार्गदर्शक म्हणून मिरजेच्या एका मॅडम मिळाल्या. वय सत्तरीच्या पुढचं, बोलणं मोजकं. त्यांच्याच क्लिनिकमध्ये, त्यांच्या देखरेखीखाली, बुधवार आणि शनिवार असे दोन दिवस मला मिळणार होते. विषय ठरला गुडघेदुखी.

फेब्रुवारी-मार्च वाचनात गेले, आणि त्या वाचनाने मला चांगलंच हलवलं. जर्मनीतला जेरॅक नावाचा मोठा अभ्यास आहे. कंबरदुखीवरचे त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. ११६२ पेशंट. एका गटाला रीतसर ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी वरवर लावलेल्या सुया, तिसऱ्याला औषधं आणि व्यायामाचे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्क्यांना उतार, दुसऱ्यात ४४.२, तिसऱ्यात २७.४. म्हणजे सुया लावलेले दोन्ही गट नेहमीच्या उपचारांच्या बरेच पुढे, पण खऱ्या आणि खोट्या सुयांत फरक जेमतेम. मी रात्री बारा वाजता हे वाचत होते. सहा महिने ३६१ बिंदू घोकले ते कशासाठी, असं मनात आलं आणि झोप लागेना. पुढे २०१८ मध्ये एकोणचाळीस अभ्यासांतल्या २०,८२७ पेशंटची माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण वाचलं. त्यात खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा सरस ठरल्या, पण तो फरक सुया आणि बिनसुया यांच्यातल्या फरकापेक्षा लहानच होता. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "हे दोन्ही आकडे तुझ्या प्रस्तावात घाल. आणि तुला झोप आली नाही, ते डायरीत घाल." माझ्या डायरीतली पहिली खरी नोंद ती.

आता कागदपत्रांचा भाग. माणसांवर अभ्यास म्हटला की एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित जपलं जातंय का ते बघणाऱ्या समितीची मंजुरी लागते, मग तो दहा पेशंटचा का असेना. आमच्या संस्थेची स्वतःची कमिटी नव्हती, म्हणून जिल्ह्यातल्याच एका संस्थेच्या कमिटीकडे बाहेरची व्यक्ती म्हणून अर्ज केला. फी तीन हजार. प्रस्तावाच्या नऊ प्रती, मराठी माहितीपत्रक, मराठी संमतीपत्रक, माझा आणि मॅडमचा बायोडाटा, क्लिनिकचं पत्र. २२ मार्चला फाइल दिली. एप्रिलची बैठक कोरमअभावी झालीच नाही. मग लोकसभेची धामधूम, ७ मेला सांगलीत मतदान. मधल्या काळात एकदा चौकशीला गेले तर नऊपैकी दोन प्रती सापडेनात. त्या पुन्हा छापून दिल्या. बैठक झाली २३ मेला. माझं एक सांगणं आहे: फाइल देताना पोच घ्या, तीवर प्रतींची संख्या लिहून घ्या, आणि पुढच्या दोन्ही बैठकांच्या तारखा विचारून ठेवा.

त्या रिकाम्या दिवसांत मॅडमनी मला मोक्सा शिकवली. सुकवलेल्या पानांच्या लोकरीची कांडी पेटवून बिंदूजवळ धरायची आणि ऊब द्यायची. एक कांडी घरी आणली होती. सासूबाईंनी ती न पेटवताच हुंगली आणि म्हणाल्या, "ही दवण्याच्या घराण्यातली दिसते." नेमकी चैत्र यात्रा जवळ आली होती आणि देवघरात जोतिबाचा दवणा होता. मी शोधलं तर खरंच: दवणा आणि मोक्साची वनस्पती दोन्ही आर्टेमिसियाच, जाती तेवढ्या वेगळ्या. चिनी शास्त्र मला त्या दिवशी प्रथमच आपल्या उंबऱ्याच्या आत आल्यासारखं वाटलं.

कमिटीने सात शंका काढल्या. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यातल्या पाच तरी अगदी रास्त होत्या. पेशंटकडून पैसे घेणार का? (नाही, उलट येण्याजाण्याचं भाडं द्यायचं ठरलं.) लिहिता-वाचता न येणाऱ्यांची संमती कशी घेणार? (अंगठा, आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार.) मधेच सोडून जाता येईल, त्याने नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत, हे पत्रकात ठळक का नाही? सुयांची विल्हेवाट? २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे त्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून फुटणार नाही अशा डब्यात जातात. ते लिहायचंच राहिलं होतं. आणि सर्वांत वेळखाऊ म्हणजे फॉर्मचं भाषांतर. मी मायमॉप वापरणार होते. शार्लट पॅटरसन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९६ मध्ये तयार केलेला हा छोटासा फॉर्म आहे. यात त्रास कोणता ते पेशंटने स्वतः निवडायचं, त्या त्रासामुळे अडलेलं एक काम निवडायचं, आणि गेल्या आठवड्यात ते कितपत होतं याला शून्य ते सहा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे उत्तम, सहा म्हणजे वाईटात वाईट. मी मराठी स्वतःच केलं होतं. कमिटी म्हणाली, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि जुळतं का बघा. पंधराशे रुपये देऊन करून घेतलं. 'ॲक्टिव्हिटी'ला मी 'क्रिया' लिहिलं होतं, ते परत जाऊन 'रिॲक्शन'च्या जवळ पोचलं! शेवटी साधं 'काम' लिहिलं.

३ जूनला उत्तरं दिली, १४ जूनला मंजुरीचं पत्र आलं. मग माणसांवरच्या अभ्यासांच्या राष्ट्रीय नोंदणीच्या सीटीआरआय संकेतस्थळावर अभ्यास नोंदवला. ही नोंदणी फुकट असते, पण पहिला पेशंट घेण्याआधी करावी लागते आणि तिला कमिटीचं पत्र लागतं. म्हणजे हा क्रम चुकला की सगळंच चुकलं. मला क्रमांक मिळायला तीन आठवडे गेले.

१० जुलै, बुधवार. पहिला पेशंट. बासष्ट वर्षांच्या आजी, उजवा गुडघा. गुडघ्याच्या वाटीखालच्या दोन्ही खोलग्या, खाली नडगीच्या बाहेर स्टमक ३६ (पोटाच्या मेरिडियनवरचा छत्तिसावा बिंदू), आणखी पाच जागा; ०.२५ बाय ४० मिलिमीटरच्या आठ सुया, पंचवीस मिनिटं. सुया किती लावल्या ते फळ्यावर लिहायचं, काढताना मोजायचं आणि मगच पुसायचं. मॅडमचा हा नियम मी आता मोडणार नाही. त्या रात्री डायरीत लिहिलं: "केस चांगली झाली. पेशंट समाधानी." शनिवारी मॅडमनी ते वाचलं आणि शेजारी लिहिलं, "हा रिपोर्ट झाला. तू कुठे आहेस यात?"

मी कुठे होते? आठवून बघितलं. आजींचा पाय धरताना माझा हात थरथरत होता. स्टमक ३६ला सुई गेल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि मी पटकन विचारलं होतं, "बरं वाटतंय ना?" त्या हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? प्रश्नातच उत्तर घालून मी तो त्यांच्या हातात दिला होता. हे लिहायला मला पाऊण तास लागला.

तेव्हापासून घडलेलं त्याच रात्री लिहायचं, असा नेम केला. जेवणं झाल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी लिहिलेली नोंद गुळगुळीत होते, स्वतःच्या लक्षात येण्याआधी आपण ती सावरून घेतलेली असते. मी दोन-तीन प्रसंगांच्या दोन्ही नोंदी ठेवल्या, रात्रीची आणि चार दिवसांनंतरची. त्या शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा खरंच लाज वाटली.

पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, हा दुसरा नेम. सुई नेमक्या जागी पोचल्यावर जी जाणीव होते तिला चिनी शास्त्रात दे-छी म्हणतात, आणि तिचे प्रकार पुस्तकात चार शब्दांत येतात: बधिर, जड, तट्ट फुगल्यासारखं, आणि चौथा 'स्वान', म्हणजे शब्दशः आंबट. आंबट दुखणं म्हणजे काय, हे वर्गात कुणालाच उमगलं नव्हतं. सरांनी इंग्रजीत समजावलं तरी नाही. जुलैच्या शेवटी हळदीच्या वखारीतल्या एक मावशी सुया असताना म्हणाल्या, "काय न्हाई ताई, निस्तं आंबल्यावानी व्हतंय." आणि मला तिथेच उभं राहून हसू आलं. अंग आंबणं! लहानपणापासून घरात ऐकलेला शब्द. लग्नघरात राबून आलेली आई रात्री हेच म्हणायची. वर्गात महिनाभर न कळलेलं मावशींच्या एका वाक्यात कळलं. बाकीचे तिन्ही शब्दही एकेक करून मिळाले: मुंग्या, जड, आणि "तट्ट झालंय". माझ्या नोंदवहीत मी पुढे दे-छीच्या रकान्यात हेच शब्द लिहिले.

आकड्यांचं मात्र जमेना. शून्य ते सहा म्हटलं की म्हातारी माणसं माझ्याकडे बघत राहायची. एक आजी म्हणाल्या, "आकडं नगं बाई. रुपायात सा आणं उतारलंय." मग दुसऱ्यानेही आण्यातच सांगितलं, तिसऱ्यानेही. मी दोन्ही लिहायला लागले: फॉर्मवर आकडा, डायरीत आणे. आणि महिन्याभराने गंमत दिसली. ज्यांच्या तोंडी "बारा आणे फरक" होता, त्यांच्यातल्या काहींचा फॉर्मवरचा आकडा पाचावरून चारावर एवढाच आला होता. खोटं कोणीच बोलत नव्हतं. आणे सांगताना माणूस सुरुवातीचं दुखणं आठवतो, तो रुपया धरतो आणि त्यातून किती गेलं ते सांगतो. फॉर्म तसं विचारत नाही, तो एवढंच विचारतो की या आठवड्यात किती होतं. आणि आणे मला सांगितले जात होते, तोंडावर, आकडा कागदाला.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी. दुपारी साडेबाराला एक मावशी आल्या. खुर्चीत बसवून सुया लावल्या, पाचव्या सुईला त्यांना घाम फुटला, ओठ पांढरे पडले आणि मान एका बाजूला गेली. मॅडम आतल्या खोलीत होत्या. मी सुया भराभर काढल्या, आडवं केलं, पाय वर धरले. दीड-दोन मिनिटांत त्या भानावर आल्या. त्या मिनिटांत माझ्या कानात फक्त माझंच रक्त वाजत होतं. साखरपाणी दिल्यावर कळलं, निर्जळी उपवास होता, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. माझ्या फॉर्मवर रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करायची गोळी, सगळं विचारलेलं होतं. "आज उपवास आहे का?" हे नव्हतं. ते छापील पुस्तकांतून उचललेल्या फॉर्मवर असणारही नव्हतं. "उपाशीपोटी सुया लावू नयेत" एवढं वाक्य मात्र प्रत्येक पुस्तकात आहे. सांगलीत आषाढीला ते वाक्य कसं विचारायचं, हे मला सुचायला हवं होतं.

त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. झाला प्रकार कमिटीला लेखी कळवला. गंभीर नसला तरी कळवावा, गंभीर असता तर चोवीस तासांत कळवणं बंधनकारकच असतं. आणि फॉर्ममध्ये नवा प्रश्न घालायची परवानगी मागितली. मंजूर झालेला फॉर्म आपल्या मनाने बदलता येत नाही, एका ओळीसाठीही पत्र लागतं. आठ दिवसांत होकार आला. आणि तेव्हापासून पहिली सुई कुणालाही आडवं केल्याशिवाय लावलेली नाही.

जुलैच्या अखेरीस कृष्णेचं पाणी चढलं. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट. पाणी तिथवर आलं की २०१९चा महापूर पाहिलेल्या सांगलीत कोणी गुडघ्याचा विचार करत नाही. दोघांच्या उपचारांच्या दोन-दोन बैठका बुडाल्या. सप्टेंबरमध्ये गौरीच्या आठवड्यात एकही बाई फिरकली नाही. वेळापत्रक करताना हे सण आणि नदी धरा. मी धरले नव्हते, शेवटचा पेशंट संपायला ऑक्टोबर उजाडला.

ऑगस्टमध्ये मॅडमनी स्ट्रिक्टा समोर ठेवलं. ॲक्युपंक्चरचा अभ्यास लिहिताना काय काय नोंदवायचं याची ही २०१०ची सुधारित यादी आहे. सहा मुद्दे, सतरा उपमुद्दे. सुयांची संख्या, खोली, दे-छी आली का, किती वेळ ठेवल्या, सोबत दुसरे काय उपचार चालू होते. पहिल्या चार पेशंटची सुईची खोली मी नोंदवलेलीच नव्हती. ती आता कुठून आणणार? प्रबंधात "नोंद नाही" असंच लिहिलं. आणि "दुसरे उपचार" विचारायला लागल्यावर कळलं की घरोघरी निर्गुडीचा शेक, तेल आणि मेडिकलमधली लाल गोळी चालूच आहे. कोणी लपवलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. यादी पहिल्या दिवशी हातात घ्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते. बारा जण घेतले होते, त्यातले तिघे मधेच यायचे बंद झाले. एक चार बैठकांनंतर, एक पाच, एक तीन. चौदा वर्षं माझी समजूत अशी की जो येत नाही तो बरा झाला. क्लिनिकमध्ये आपण नेहमी हेच म्हणतो, "बरं वाटलं असेल, म्हणून आले नाहीत." डायरीतही मी तसंच लिहून मोकळी झाले होते. मॅडमनी खाली लिहिलं, "कशावरून?"

संमतीपत्रकात फोन करायची परवानगी घेतलेली होती. सप्टेंबरच्या शेवटी तिघांनाही फोन केले. पहिले काका म्हणाले, हो, उतार पडला, आता सायकल चालवतो. दुसऱ्या ताई द्राक्षाच्या छाटणीवर जात होत्या. हंगामाचा रोज बुडवून मिरजेला यायचं कसं? गुडघा होता तसाच. तिसऱ्या म्हणजे माझ्या पहिल्या दिवशीच्या आजी, डोळे मिटून घेतलेल्या. त्या आधी इकडचं-तिकडचं बोलल्या, माझ्या मुलाची चौकशी केली. मग म्हणाल्या, "खरं सांगू का बाई, काय बी फरक न्हवता. पर तू इतक्या मायेनं इचारायचीस, तोंडावर कसं सांगू न्हाई म्हणून? मग यायचंच सोडलं."

फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसले. आजी पाच वेळा आल्या होत्या आणि पाचही वेळा मी फॉर्म स्वतः भरला होता, त्यांचा हात हातात घेऊन. पाचही वेळा आकडा थोडाथोडा उतरत गेला होता. म्हणजे तो उतार माझ्या मायेचा होता, गुडघ्याचा नव्हता. आणि मी फोन केला नसता, तर माझ्या आठवणीत त्या "बऱ्या झालेल्या आजी" म्हणून कायमच्या राहिल्या असत्या. चौदा वर्षांत अशा किती राहिल्या असतील, हा हिशेब मला करता येत नाही. त्या रात्रीची नोंद माझ्या डायरीतली सर्वांत लांब, चार पानी आहे.

तेव्हा फक्त दोन पेशंट बाकी होते. पुन्हा कमिटीला पत्र, आणि त्यांचे फॉर्म क्लिनिकच्या मदतनीस ताईंनी, मी खोलीत नसताना भरून घेतले.

ऑक्टोबर-नोव्हेंबर लिहिण्यात गेले. पूर्ण केलेल्या नऊ जणांत पाच जणांचा आकडा दोन किंवा जास्त घरं उतरला, दोघांचा एक, दोघांचा जागचा हलला नाही. सोडून गेलेले तिघे वेगळ्या परिच्छेदात, कारणांसकट. फॉर्म मीच भरल्याची त्रुटी ठळक लिहिली. एका मैत्रिणीने सांगितलं, हे कशाला लिहितेस, मार्क जातील. दिवाळीच्या सुट्टीत मी तो परिच्छेद एकदा काढला आणि दुसऱ्या दिवशी परत घातला. २५ नोव्हेंबरला तीन बांधीव प्रती दिल्या. कोर्सची फी सोडून खर्च असा: कमिटी तीन हजार, सुयांचे नऊ डबे साडेबावीसशे, भाषांतर पंधराशे, छपाई-झेरॉक्स बावीसशे, बांधणी एक हजार पन्नास, पेशंटचं भाडं चार हजार. चौदा हजार झाले.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला: "कंट्रोल ग्रुप नाही, तुलनेला सुया न लावलेला गट नाही. मग हे पाच जण सुयांनी बरे झाले कशावरून?" मी म्हणाले, म्हणता येत नाही, गुडघेदुखी मुळात चढते-उतरते, माणूस ती चढलेली असतानाच आपल्याकडे येतो, शिवाय शेक आणि गोळ्या चालू होत्या. ते थोडा वेळ पानं उलटत राहिले. मग डायरी उघडून त्यांनी चार पानांची ती नोंद काढली आणि उरलेली वीस मिनिटं तिच्यावरच बोलणं झालं. तुमच्या तोंडी परीक्षेत असंच होईल असं नाही, पण डायरी खरंच वाचली जाते, एवढं धरून चला.

आजी हल्ली मंगळवारी माझ्या विश्रामबागच्या क्लिनिकला येतात, व्यायामासाठी. भिंतीला पाठ टेकवून अर्धवट खाली बसायचं, दहा वेळा. संपल्यावर मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसते आणि आत मदतनीस फॉर्म भरते. दार पातळ आहे. काल ऐकू आलं, "दोन आणं उतारलंय म्हण. जास्ती लिवू नगंस."